कुंदाच्या वाटेनं वर

किन्हवलीहून मुरबाडला जायला ना आरक्षण लागतं, ना बॅगा भराव्या लागतात. सकाळची एसटी धरली की बाजार उघडायच्या सुमाराला माणूस मुरबाडात. तिथून पुढे टोकावड्याकडे जीप, आणि जीप थांबते तिथून सह्याद्रीच्या पायथ्याचा पाडा पायी. एवढ्याशा प्रवासाला निघायला मला बारा वर्षं लागली.

कुंदा माझी नणंद. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती कॉलेजात होती. पुढे कल्याणला एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. आठवडाभर कानाला हेडफोन लावून लोकांना लोकांशी जोडून द्यायचं आणि रविवारी पाठीला सॅक लावून डोंगर गाठायचा. मुरबाडच्या काही मुलांचा गिर्यारोहणाचा गट होता, त्यात ही एकटी मुलगी. गड चढून झाले तेव्हा तिला नवा नाद लागला, मोडलेल्या घाटवाटा शोधायचा. कोकणातून वर घाटमाथ्यावर जाणाऱ्या, पूर्वी बैलांनी आणि माणसांनी तुडवलेल्या आणि आता दरडींखाली गेलेल्या वाटा. अशाच एका वाटेच्या शोधात ती १९९४च्या ऑक्टोबरात एकटी गेली आणि दरीत पडून वारली. पंचवीस वर्षांची होती.

गावात तिच्या मरणाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. कोणी म्हणालं, डोकं फिरलं होतं पोरीचं. कोणी म्हणालं, लग्न लावून दिलं असतं तर ही वेळ आली नसती. एका बाईंनी तर तिच्याबरोबर कोण होता, हे मला दबक्या आवाजात विचारलं. शाळेतल्या एका गुरुजींनी मात्र वर्गात तिची गोष्ट शूर मुलगी म्हणून सांगितली, आणि त्यावरून दोन पालक शाळेत भांडायला गेले. आमच्या घरात तिचं नाव निघणं बंद झालं. माझे यजमान मुरबाडला जाऊन बहिणीला घेऊन आले होते. ते काय बघून आले, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

हे सगळं उकरलं गेलं ते माझ्या मुलीमुळे. स्नेहल कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयात महिनाभराचं गिर्यारोहणाचं शिक्षण असतं, तिथे तिची निवड झाली. पाठवायचं की नाही, एवढंच आम्ही सांगायचं होतं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, "एक पोर डोंगराला दिली. आता नात बी देऊ?"

यजमान उठून अंगणात गेले. निर्णय माझ्यावर आला. मी अंगणवाडीत शिकवते, दुसऱ्यांच्या मुलांना "घाबरू नको, चढ" म्हणून घसरगुंडीवर चढवते. स्वतःच्या मुलीला काय सांगू, ते कळेना. म्हटलं, नाही म्हणायचं तर ती जागा बघून तरी नाही म्हणेन. जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही मायलेकी निघालो.

मुरबाड

माझं माहेर तानशाकडचं. आमच्याकडे डोंगर म्हणजे माहुली, आणि तीही मी जास्त करून तलावाच्या पाण्यात उलटी पाहिलेली. त्यामुळे डोंगर चढायला काय लागतं हे मला ठाऊक नव्हतं. मुरबाडच्या बाजारात उतरल्यावर स्नेहलनं माझ्या चपलांकडे बघितलं आणि मला कॅनव्हासचे बूट घ्यायला लावले. साडीऐवजी तिचा पंजाबी ड्रेस घालून मी आधीच अवघडलेली, त्यात पांढरेशुभ्र बूट. दुकानदारानं विचारलं, "ताई, पोलीस भरती का?" स्नेहल हसून हसून खाली बसली.

कुंदाच्या गटाचे प्रमुख जयवंतभाऊ होते. आता त्यांचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान आहे. केस पांढरे झाले तरी अंगानं काटक. मी नाव सांगताच त्यांनी गल्ल्यावर दुसऱ्याला बसवलं आणि आम्हाला मागच्या गोदामात नेलं. खिळ्यांच्या पोत्यांवर बसून आम्ही कांदाभजी खाल्ली. ते बोलत होते, पण माझ्याकडे न बघता.

"वहिनी, आमच्यात तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता. कातळाला हात लावला की तिला कळायचं, कुठं धरायचं ते. पण चुकली ती. मी सांगितलं होतं, थांब, दिवाळी झाली की सगळे मिळून जाऊ. एकटीनं जायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तो तिनं मोडला."

"म्हणजे तिची चूक होती?" स्नेहलनं विचारलं.

"हो," ते म्हणाले. "दर वर्षी नवी पोरं येतात, त्यांना पहिल्या दिवशी मी कुंदाचीच गोष्ट सांगतो. असं करू नका म्हणून. अर्ध्या वाटेत संपली, कड्याच्या वर पोचलीच नाही, असं सांगतो."

मला राग आला. माणूस गेल्यावर त्याचा असा धडा करून ठेवायचा? पण जयवंतभाऊंचा आवाज सांगताना फाटला होता, तेही मी ऐकलं. निघताना त्यांनी स्नेहलच्या सॅकचे पट्टे ओढून नीट बसवले. ते कसे बसवायचे, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

पाडा

टोकावड्याकडच्या जीपमध्ये माणसं किती बसतात हे मोजायच्या भानगडीत मी पडले नाही. माझ्या मांडीवर दुसऱ्याची कोंबडी होती आणि तिचा मालक मागच्या फळीवर उभा होता. वाटेत टायर पंक्चर झालं. सगळे खाली उतरून सावलीत बसले, बायकांनी पानाच्या चंच्या काढल्या. समोर सह्याद्रीची भिंत उभी होती. आमच्याकडून ती निळी, लांबची दिसते. इथे ती तपकिरी, काळी आणि इतकी जवळ होती की मान मागे टाकल्याशिवाय आभाळ दिसेना. या भिंतीला कुंदानं हात घातला होता. एवढीशी, माझ्या खांद्याला लागणारी मुलगी. भीती वाटायला हवी होती. पण पहिल्यांदाच मला वाटलं, बापरे, काय छाती होती हिची!

पाडा वीस-पंचवीस घरांचा. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली अंगणं, भात निघालेल्या खाचरांत वाल टाकलेला. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी आणि मग "कुठून आलात" हा प्रश्न. इथे आधी प्रश्न, मग पाणी, मग गूळ घालून कोरा चहा. आम्ही कोण ते कळल्यावर अंगणातलं बोलणं थांबलं. मग एकानं आम्हाला बुधीबायच्या घरी नेलं.

बुधीबाय पन्नाशीची, सडसडीत, गुडघ्याच्या वर कासोटा घातलेली. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बुटांवर जरा जास्तच वेळ.

"बारा वरसां झाली," ती म्हणाली. "आता आलांस?"



"तुझ्या नंदेनं आमचं भात भिजवलं, ठाव हाय तुला? कापनी चालू होती. आमचे गडी तिला हुडकाय गेले. मंग पोलीस आले. माझा नवरा, दीर, सगळे चौकशीला. कुठं होतां, काय बघितलां, रोज त्याच गोष्टी. वरून पाऊस. भात उभ्या उभ्या कुजलं. मी तिला शिव्या घातल्या. खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, "घाला. आम्हीपण घातल्यात."

 ती चुलीपाशी गेली आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला लागली. आमच्याच भाकऱ्या, पण किन्हवलीत आम्ही पिठाची उकड काढतो, ही नुसत्या गरम पाण्यात मळत होती. बरोबर सुक्या बोंबलाची चटणी. थापता थापता पाठमोरीच बोलत राहिली.

"माझी भैन वर घाटावर दिलेली. साळू. पयले आमी सकाळी निंगालो का दुपारच्या जेवनाला तिच्याकडं. मंग दरड पडली, वाट मोडली. मंग मालशेजवरून एसटीनं फिरून जायचं, दोन गाड्या बदलायच्या. कोन जातंय? आई मेली तवाबी साळूला टायमावर येता नाय आलां. तुझी नंद इथंच बसली होती, तू बसलीस तिथं. तिला ह्या सांगतलां. म्हनली, मावशी, मी बघून येते वाट. मी हसलू. म्हनलां, जाशील तर साळूला सुकट नेशील का? थैलीत घातली तिनं."

"पण ती वर पोचलीच नाही ना," मी म्हटलं.

बुधीबाय वळली. हाताला पीठ तसंच.

"कोन म्हनलां? माझी सुकट पोचली ना वर!"

स्नेहलनं माझा हात धरला. मला आधी अर्थच लागेना. मग बुधीबायनं सगळं नीट सांगितलं. गड्यांना कुंदा सापडली तेव्हा तिच्या सॅकमध्ये एक गाठोडं होतं. साळूच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, आत वरई. भावंडांत अशी देवघेव चालायचीच, कापड बघताच बुधीबायनं ओळखलं. कुंदा वर जाऊन, साळूला भेटून, तिची वरई घेऊन परत उतरत होती.

"तुम्ही हे पोलिसांना सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सांगतलां. ते म्हनले, वर जाताना पडली का खाली येताना, मेली ती मेली. आन् तुमच्याकडनं कोन आलांच नाय ईचाराय."

"त्या वरईचं काय केलंत?" स्नेहलनं विचारलं.

"शिजवू कशी? उताराला पेरली. आता पाड्यात समद्यांकडं तीच हाय."

हातातली भाकरी मी ताटात ठेवली. पण ते दुःख नव्हतं. छाती भरून येते तसं काहीतरी होतं. बारा वर्षं आम्ही एका हरलेल्या मुलीचं सुतक पाळत होतो, आणि ती हरलीच नव्हती.

वाट

रात्र बुधीबायकडेच काढली आणि सकाळी दव वाळल्यावर तिच्याबरोबर साळूकडे निघालो. पुढे बुधीबाय अनवाणी, डोक्यावर साळूसाठी नेलेली टोपली, मध्ये मी, मागे स्नेहल. आधी ऐन-सागाचं रान, पायाखाली पानांचा चुरा. एका काटेसावरीला नुकती फुलं आली होती, तिच्याखाली माकडांनी पाकळ्यांचा सडा घातलेला. मग कारवीची झुडपं. मग नाळ सुरू झाली, म्हणजे दोन कड्यांमधली दगडधोंड्यांची उभी घळ.

कुंदानं जाताना जागोजाग दगडांवर दगड रचून खुणा केल्या होत्या. तिच्या मागे दुसऱ्या वर्षी पाड्यातल्या गड्यांनी त्याच खुणा धरून वाट मोकळी केली, पहारीनं कातळात पाय ठेवायला पावठ्या काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाचा निधी नव्हता. बुधीबायची मुलगी वरच्या गावात दिली आहे. वरची एक मुलगी खाली सून म्हणून आली आहे. हे सांगताना बुधीबायचा आवाज चढला होता, जणू वाट तिनंच शोधली.

माझ्या नव्या बुटाचा तळ अर्ध्या नाळेत उकलला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. बुधीबायनं तो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. "टाक काढून! पाय दिलेत ना देवानं!" मी दोन्ही बूट काढून सॅकला बांधले. कातळ गार होता. तळव्यांना तो बरा वाटला.

नाळेच्या वरच्या अंगाला वाट डावीकडे कड्यावर निघते. ती अरुंद आडवी चाल, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. तिच्या सुरुवातीला दगडांचा लहानसा ढीग होता. बुधीबायनं वाकून एक दगड उचलला आणि ढिगावर ठेवला. कुंदा पडली ती हीच जागा, हे आम्हाला सांगायला लागलं नाही.

"शेंदूर नाय लावला," ती म्हणाली. "काही बाया म्हनल्या, देवी करू. मी म्हनलां, देवी नको. देवी पडत नाय. ही मानूस होती."

मी दगड ठेवला. स्नेहलनं ठेवला. आत्याच्या खांद्यावर बसून ती गावभर फिरायची, तेवढं तिला आठवतं.

पुढची चाल बघून मी मागे सरले. मी म्हटलं, मी इथूनच परत जाते. तेव्हा स्नेहल माझ्या पुढे झाली. हळू, अजिबात घाई नाही. एक पाय ठेवायची, भार देऊन बघायची, मग दुसरा. मला म्हणाली, "आई, खाली नको बघू. माझ्या टाचेकडे बघ. मी उचलली की तिथं तुझा पाय ठेव." तो घरातला, उलट बोलणारा आवाज नव्हता. मी त्या टाचा बघत गेले. या टाचांना तिच्या लहानपणी मी तेल लावलं होतं. आता त्याच मला कड्यावरून नेत होत्या. भीती होतीच, पण भीतीपेक्षा वरचढ लेकीचं कौतुक होतं, आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही.

वर

माथ्यावर एकदम वारा आणि सपाटी. जुन्नर तालुका, पुणे जिल्हा. नाळेच्या एका टोकाला एक बोली, दुसऱ्या टोकाला दुसरी. बुधीबायचं "नाय" इथे "न्हाई" झालं होतं. साळूबाईनं बहिणीच्या गळ्यात हात टाकले, मग आमची ओळख ऐकून माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. नाचणीची भाकरी आणि हुलग्याची आमटी वाढली. आमच्याकडे खाली कोकणात जेवताना बोलत राहतात. इथे पाहुण्याचं जेवण होईपर्यंत साळूबाई गप्प बसून राहिली. हात धुतल्यावर सांगायला लागली.

"दुपारी आली व्हती. घामानं निथळलेली, अन् हसत व्हती. म्हनली, तुमच्या बहिनीनं सुकट दिली. मी रडायलाच लागले. वाट मोडल्यापास्नं बुधीच्या हातचं काही खाल्लं नव्हतं. जेवली पोटभर. मंग ढग आले. मी म्हटलं, पोरी, रात्र काढ, सकाळच्या एसटीनं जा. ऐकलं न्हाई."

"का?" मी विचारलं. एवढं एकच मला विचारायचं होतं.

"म्हनली, मावशी, चढून आले म्हंजी वाट सापडली असं न्हाई. बायका डोईवर वझं घिऊन उतरनार. उतरून बघितल्याबिगर मी त्यांना या कसं म्हनू?" साळूबाईनं पदर डोळ्यांना लावला. "मी हात धरायला पायजे व्हता. पर धरला असता तरी ऱ्हायली नसती. तुमाला वाटतं का ऱ्हायली असती?"

नसती राहिली. कुंदाला ओळखणाऱ्या कोणालाही ते ठाऊक आहे. आणि तरी, एसटी होती. ढग दिसत होते. जयवंतभाऊ चुकीचं बोलत नव्हते आणि बुधीबायचा रागही खोटा नव्हता. मी कड्याच्या टोकाला जाऊन बसले. खाली पाड्याची घरं काडेपेटीएवढी, त्यापलीकडे मुरबाड, आणि धुरकट पश्चिमेला कुठेतरी किन्हवली. तिनं हे सगळं बघितलं होतं. पोटभर जेवून, काम फत्ते करून बघितलं होतं. मी मोठ्यानं म्हटलं, "कुंदे, शाबास गो!" स्नेहल दचकली. मग तीपण ओरडली.

परत

आम्ही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं उतरलो, मालशेजवरून. मुरबाडला थांबून जयवंतभाऊंना सांगितलं. त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला. मग म्हणाले, "एकटी उतरली. दोर नाही, सोबत नाही. वहिनी, चूक ती चूकच." आणि पाठ वळवून डोळे पुसले. दुकानात होती-नव्हती त्या सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांनी चहा सांगितला. आम्ही निघताना म्हणाले, "पोरांना आता आधी सांगीन, की ती चढली. चूक नंतर सांगीन."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी सासूबाईंसमोर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सुकट, वरई, साळूबाईची आमटी, दगडांचा ढीग. यजमान दारात उभे राहून ऐकत होते. बहिणीला मुरबाडहून आणल्यापासून त्यांनी इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"वर पोचली होती ना? जेवली होती ना? मग एसटीनं का नाय आली?" ते ओरडले. "का नाय आली एसटीनं?" आणि उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

 सासूबाई उठल्या, त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आल्या, हे सगळं बघून दारातच थबकल्या. म्हणाल्या, "काय झालं गो? कुंदाची आठवण निघाली वाटतं. बिचारी, चढता चढता गेली."

सासूबाई वळल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी लेकीचं नाव ऐकलं नव्हतं.

"माझी कुंदा चढताना नाय गेली," त्या म्हणाल्या. "चढली. वरच्या घरी जेवली. वाट बायकांच्या पायाखालची व्हावी म्हनून उतरत होती, तवा गेली. गावात सांगायचां तर अशां सांग." मग स्नेहलकडे बघून म्हणाल्या, "आन् हिला उन्हाळ्यात हिमालयात पाठवायची हाय, तां बी सांग."